कोळंबीतील औषधांशाची परीक्षा व विकराची खूण

उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. गोठविलेली कोळंबी परदेशी पाठविली असता तीत क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाचा अंश आढळल्यास माल नाकारला जातो. कोळंबीच्या तळ्यांत हे औषध घालण्यास आपल्या देशात मनाई आहेच. युरोपीय संघाने तर नोव्हेंबर २०२२ पासून किलोमागे ०.१५ मायक्रोग्रॅम, म्हणजे हजार टनांत ०.१५ ग्रॅम, ही कारवाईची पातळी ठरविली आहे.

इतका सूक्ष्म अंश हुडकण्यासाठी प्रथम एलायझा चाचणी करतात. चाचणीपट्टीच्या लहान खळग्यांत त्या औषधालाच धरणारी प्रतिपिंडे बसविलेली असतात. त्यांत कोळंबीचा अर्क आणि विकर, म्हणजे एंझाइम, जोडलेले तेच औषध घालतात. दोघांत जागेसाठी चढाओढ होते. मग खळगे धुऊन रंग उत्पन्न करणारे द्रव्य घालतात. नमुन्यात औषध जितके अधिक, तितका रंग फिका. गडद रंग म्हणजे सदोष माल, असा उलटा समज येथे सहज होतो.

खुणेसाठी मुख्यतः दोन विकरे वापरतात. हॉर्सरॅडिश या झाडाच्या मुळांतून काढलेले पेरॉक्सिडेज आकाराने लहान, स्वस्त व जलद असते. त्याचा निळा रंग आम्ल घालताच पिवळा होतो. दुसरे अल्कलाइन फॉस्फेटेज. ते बहुधा वासराच्या आतड्यापासून मिळवितात. दूध नीट तापविले की नाही हे दुग्धशाळेत ज्यावरून ओळखतात, त्याच जातीचे हे विकर होय. त्याचा रंग सावकाश पण दीर्घकाळ एकसारखा वाढतो. १९७१ साली स्वीडनमध्ये फॉस्फेटेज व हॉलंडमध्ये पेरॉक्सिडेज वापरून ही पद्धत स्वतंत्रपणे सिद्ध झाली.

दोहोंचे शत्रू मात्र निराळे. द्रावण टिकविण्यासाठी घालतात ते सोडियम अझाइड पेरॉक्सिडेजला निकामी करते. फॉस्फेटेजला ते बाधत नाही, पण फॉस्फेटयुक्त धुण्याचे पाणी त्याला मंद करते. विकर असे मंदावले की रंग फिका पडतो आणि निर्दोष कोळंबीही सदोष भासते. म्हणून एका संचातील द्रावणे दुसऱ्या संचात कधीही मिसळू नयेत, व निर्दोष म्हणून ठाऊक असलेला नमुना प्रत्येक पट्टीत अवश्य ठेवावा. आमच्या मते साध्या तपासणीस पेरॉक्सिडेजचा संच पुरेसा आहे.

एलायझात दोष दिसला तरी तो अंतिम निर्णय नव्हे. वस्तुमान-वर्णपटमापकावर खातरजमा करून घ्यावी लागते. ग्रामसेवकांनी नमुना तळ्यातील कोळंबी काढण्यापूर्वीच घ्यावा, बर्फात ठेवावा आणि त्यावर तळ्याचा क्रमांक व तारीख लिहावी.