ढिगाची साक्ष

आमच्या घरी परात मागितली की बायको आधी विचारते, ‘कणकेची की चिल्लरची?’ चिल्लरची परात जर्मनची आहे, काठाला चेपलेली. 19 वर्षांत तिच्यात कणीक पडलेली नाही. तांदळाच्या पिशवीत सुतळीनं आवळून आलेला पाच किलोचा लॉट मी तिच्यात ओततो, तेव्हा शेजारचं कुत्रं भुंकायला लागतं. मग हाताला आणि बोटांच्या बेचक्यांना तो वास लागतो: तांबं, घाम आणि कुणाच्या तरी कपाटातली डांबरगोळी.

या वेळच्या लॉटमध्ये 1143 नाणी निघाली. हा आकडा मी मुद्दाम आधी काढतो. निवडानिवड नंतर. ओतलं की पहिले तीन तास एकही नाणं बाजूला काढायचं नाही, फक्त देश, साल, संख्या वहीत लिहायची. इतर संग्राहक मला यावरून हसतात. त्यांचं ठरलेलं असतं: ढिगात हात घालायचा, चकाकणारं उचलायचं, अल्बमच्या खणात सारायचं, उरलेलं दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं. अल्बमवाल्यांशी माझं वैर नाही, पण त्यांच्या संग्रहाकडे बघताना मला लग्नाच्या पंगतीतून फक्त जिलब्या उचलून नेणाऱ्या पाहुण्याची आठवण होते.

किलोवर मिळणारा हा माल येतो कुठून, हे माहीत असलं की ढीग वाचता येतो. 2002 साली युरो लोकांच्या हातात पडला आणि फ्रँक, मार्क, लिरा, गिल्डर एका फटक्यात रद्दी झाले. ती रद्दी अजून जगभर फिरते आहे. आखातातून परतलेल्यांच्या बॅगांच्या तळाशी दिरहम असतात. आणि देव असतात. तिरुपतीच्या हुंडीत पडलेली परदेशी नाणी देवस्थान वेगळी काढून लिलावात विकतं. ज्या तिरुपतीहून नवरात्रात आमच्या कोल्हापूरच्या अंबाबाईला शालू येतो, तिथलाच एखादा मलेशियाचा सेन फिरत फिरत माझ्या परातीत येत नसेल असं कशावरून?

या वेळी ऑस्ट्रेलियाच्या पेनीनं मला रात्री दीडपर्यंत जागवलं. मोठं, चॉकलेटी, कांगारूचं नाणं. साल 1942. उलटं केलं, सहाव्या जॉर्जच्या मानेखाली भिंग धरलं, तर इंग्रजी ‘आय’ हे इवलं अक्षर. आय म्हणजे इंडिया. युद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियाच्या टांकसाळींना मागणी पुरी करता येईना, तेव्हा 1942 आणि 1943 साली पेनी आणि अर्धी पेनी मुंबईत पाडून घेतल्या. म्हणजे फोर्टातल्या टांकसाळीत जन्मलेलं हे नाणं समुद्रापार गेलं, तिथं कुणाच्या खिशात झिजलं आणि 80 वर्षांनी किलोच्या भावानं कोल्हापुरात आलं. अल्बमवाल्याच्या दृष्टीनं मात्र ते ‘घासलेलं, कंडिशन नाही’.

ढीग खोटंही पकडून देतो. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यानं मला तीन किलो माल दिला. ‘शोधलेला न्हाई सायेब, पोतं फोडलं की तुमच्यापुढंच,’ असं आईची शपथ घेऊन सांगितलं. घरी येऊन वही काढली. अमेरिकेची क्वार्टर आणि डाइम मिळून 61 निघाली, पण 1964 किंवा त्याआधीचं एकही नाही. ब्रिटिश शिलिंग 40, सगळे 1947 नंतरचे. या दोन सालांचा अर्थ वाचकांना सांगायला नको: 1964पर्यंतच्या त्या अमेरिकी आणि 1947 आधीच्या त्या ब्रिटिश नाण्यांत चांदी असते. एखादं तरी चुकून राहायला हवं होतं. पोतं फुटण्याआधी कुणीतरी सावकाश बसून चांदी वेचली होती, आणि ती कुठल्या मुशीत गेली असेल हे चांदीकामाच्या हुपरीपासून 20-22 किलोमीटरवर राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. त्या मालात जे नव्हतं तेच सगळ्यात स्पष्ट बोलत होतं.

हे मला शिकवलं ते ब्रह्मपुरीनं.

पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1877 साली जुन्या नाण्यांचा एक साठा सापडला. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरचं धन सरकारला कळवायला लावणारा कायदा आला 1878 साली. म्हणजे आमचा साठा त्या कायद्याच्या एक वर्ष आधीचा. शिसं आणि मिश्रधातूची नाणी, सोनं-चांदी नाही. एका बाजूला दोरी ताणलेला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला कमानींची टेकडी आणि झाड, भोवती ब्राह्मी अक्षरं. नावं तीन: वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर, गोतमीपुत विळिवायकुर. आईच्या नावानं ओळख सांगण्याची ही रीत सातवाहनांची म्हणून आपल्या परिचयाची, पण ‘कुर’ ही शेपटी सातवाहनांची नव्हे.

ही नाणी पंडित भगवानलाल इंद्रजींच्या हाती आली. जुनागढमध्ये 1839 साली जन्मलेला हा माणूस मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाडांचा सहायक म्हणून राबला. इंग्रजी जेमतेम. लेण्यांत, शिलालेखांपुढे तासन् तास बसून अक्षर लावणं हीच त्याची पाठशाळा. 1888 साली तो गेला तेव्हा त्याची नाणी आणि मथुरेचं सिंहस्तंभशीर्ष ब्रिटिश म्युझियमला गेली, त्याच्याच मृत्युपत्रानुसार. याचं मला वाईट वाटतं, पण तक्रार कुणाकडे करणार? इथं ती कुणी जपली असती, याची खात्री मलाही देता येत नाही.

पंडितजींनी कोल्हापूरच्या नाण्यांत जे पाहिलं ते सुबक नाण्यात दिसलंच नसतं. काही नाणी ‘बिघडलेली’ होती. धनुष्याच्या खाली दुसऱ्या धनुष्याची सावली, एका नावाच्या काठातून डोकावणारं दुसऱ्या नावाचं अक्षर. जुन्याच नाण्यावर नवा ठसा ठोकलेला. अशी नाणी शेजारी शेजारी मांडली की वंशावळ आपोआप उभी राहते. सिवलकुराचा ठसा वासिठीपुताच्या नाण्यावर बसला आहे, म्हणजे सिवलकुर नंतरचा. गोतमीपुताचा ठसा त्या दोघांच्याही नाण्यांवर बसला आहे, म्हणजे तो शेवटचा. ना शिलालेख, ना ताम्रपट, ना बखर. शिशाच्या काही विद्रूप चकत्यांनी तीन राजांचा क्रम लावून दिला. अल्बमवाल्यानं त्याच चकत्या ‘डबल स्ट्राइक, खराब’ म्हणून पहिल्या फेरीत बाजूला टाकल्या असत्या.

क्रम लागला, भांडण मात्र मिटलं नाही. हे कुर होते कोण? रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्यांना सातवाहनांचे इथले सुभेदार ठरवलं. नाण्यावरचं वासिठीपुत हे वरच्या राजाचं, विळिवायकुर हे सुभेदाराचं, असा त्यांचा अर्थ. त्यांच्या हाती एक जबरदस्त पुरावाही होता: टॉलेमीच्या भूगोलात हिप्पोकुरा या राजधानीचा बालेओकुरोस नावाचा राजा येतो, आणि विळिवायकुर ग्रीक माणसाच्या तोंडून घरंगळला तर बालेओकुरोसच होणार. हा दुवा इतका मोहक आहे की मलाही तो खरा वाटतो. पण त्याच नावाच्या जोरावर उलटंही म्हणता येतं. ज्याला टॉलेमी राजा म्हणून ओळखतो तो कुणाचा सुभेदार कशाला असेल? नाणी पाडायची, स्वतःचं चिन्ह घालायचं, आधीच्याच्या नावावर आपलं नाव ठोकायचं, ही सगळी मालकाची लक्षणं. पुढच्या अनेक अभ्यासकांनी कुरांना स्वतंत्र घराणंच मानलं. माझं मत त्यांच्याकडे झुकतं, कोल्हापूरकराचं झुकायचंच.

दुसरा अंक 1944-45चा. राजाराम कॉलेजातले कन्नडचे प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांनी ब्रह्मपुरीवर खोदकाम केलं. कन्नडचा माणूस, नाण्या-मूर्तींचा नाद. असे प्राध्यापक आता कॉलेजात नेमत नाहीत. पुढच्या वर्षी डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. ग. दीक्षित यांनी तिथं पद्धतशीर उत्खनन केलं आणि 1952 साली त्याचा ग्रंथ निघाला. पण खरा जॅकपॉट कुंदणगारांचा: काशाच्या वस्तूंचा साठा. त्यात रोमन जगातला समुद्रदेव पोसायडन, रोमन घाटाची सुरई, आरसा, आणि त्यांच्याच संगतीला हत्तीवर बसलेल्या स्वारांची, अस्सल इथल्या हातची मूर्ती.

टाऊन हॉलच्या संग्रहालयात हा पोसायडन आहे. वीतभरही नाही. उगारलेल्या हातातला त्रिशूळ आज नाही. शाळेच्या सहलीतली पोरं त्याच्यापुढून तलवारींकडे पळतात. विद्वानांनी तो इथं कसा आला याची बरीच मांडणी केली आहे: रोमन व्यापार, पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं, घाटवाटा. मला त्याहून साधा प्रश्न पडतो. समुद्रदेव, हत्ती, आरसा, सुरई, हे एकत्र कुणाच्या घरात असतं? देवघरात नाही. सावकाराच्या तिजोरीतही नाही. हे भंगारवाल्याच्या पोत्यात असतं. परदेशी-देशी, पूजेचं-वापराचं, धड-मोडकं, सगळं काशाच्या वजनावर घेतलेलं. सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही, पण 19 वर्षं मिक्स लॉट चाळलेल्या माणसाला मिक्स लॉट ओळखू येतो.

भडोचला 1882च्या सुमारास असाच एक मोठा साठा निघाला. सोन्याची चारशेवर नाणी, चांदीची हजारावर. इजिप्तच्या मामलूक सुलतानांची, दिल्लीच्या सुलतानांची, आणि व्हेनिसचे डुकाट. ऑलिव्हर कॉड्रिंग्टन या लष्करी डॉक्टरानं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीसाठी त्याची नोंद केली आणि ती नोंद आज तो साठा एकसंध बघण्याची जवळजवळ एकमेव खिडकी आहे. 14व्या शतकात गुजरातच्या बंदरात कुठलं कुठलं सोनं एका थैलीत यायचं, हे त्या यादीनं सांगितलं. डुकाट सुटा दिसला असता तर ‘व्हेनिस, सोनं, वजन साडेतीन ग्रॅम’ एवढंच कळलं असतं.

व्हेनिसचा डुकाट आपल्याला अनोळखी नाही, फक्त आपण त्याला दुसऱ्या नावानं हाक मारतो. एका बाजूला उभा संत मार्क, त्याच्यापुढं गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख म्हणजे डोज, दोघांच्या मध्ये ध्वजाची काठी. दुसऱ्या बाजूला अंडाकृती प्रभावळीत ख्रिस्त आणि भोवती चांदण्या. 1284 पासून 1797 पर्यंत, गणराज्य बुडेपर्यंत, वजन आणि कस जवळपास तोच. आपल्या लोकांनी त्यावरच्या आकृत्या पाहिल्या आणि नाव ठेवलं: पुतळी. पुढं सोनारांनी स्वतःच पुतळ्या घडवल्या; आकृत्या उतरवल्या, पण लॅटिन अक्षरं कुणाला वाचायची होती? त्यांच्या जागी काड्या आणि ठिपके आले. अंबाबाईच्या दागिन्यांत पुतळ्यांची माळ आहे. गुजरीतल्या सराफांकडे आजही पुतळी हार मिळतो. साज, ठुशी, पुतळ्या, ही त्रयी सांगताना कुणी व्हेनिसचं नाव घेत नाही.

आमच्याही घरी एक माळ आहे, आजीची. 21 पुतळ्या, लाल गोफात ओवलेल्या. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आईनं ती काढली आणि मी भिंग घेऊन बसलो. 20 इथल्या, काड्या-ठिपक्यांच्या. एकीवर मात्र कडेनं स्पष्ट अक्षरं: मोचेनिगो घराण्यातल्या एका डोजचं नाव. माझे हात थरथरले, हे कबूल करायला हरकत नाही. मी आईला म्हटलं, ‘ही एवढी सोडवून देतेस का? अस्सल आहे. तिच्या जागी गुजरीतून दुसरी घडवून घेऊ, कळणारसुद्धा नाही.’

आईनं माळ माझ्या हातातून घेतली. ‘बाकीच्या वीस काय नकली आहेत होय?’ म्हणाली. ‘तुझ्या आजीनं एकवीस दिल्या.’

मी वही काढली आणि लिहिलं: माळ, पुतळ्या 21, पैकी डावीकडून सातवी व्हेनिस. मग तिनं पदरानं एकेक पुसली आणि माळ पितळी डब्यात ठेवली.