सुगीच्या दिवसांत लेकरं कुणापाशी?

सोयाबीन पिवळं पडायला लागलं की आपल्याकडं लोह्यापासून अहमदपूर, चाकूरपर्यंत एकच घाई उडते. शेंगा फुटायच्या आत काढणी झाली पाहिजे, वरून परतीच्या पावसाचं भ्या. पहाटे चारला उठायचं, भाकरी थापायच्या, धुडक्यात बांधायच्या आणि सातच्या आत शिवारात हजर व्हायचं. या गडबडीत एक प्रश्न आपण दरवर्षी कसातरी ढकलून नेतो. घरात दोन-अडीच वर्षांचं लेकरू आहे, ते दिवसभर कुणापाशी ठेवायचं? आजची चर्चा त्याच्यावर आहे. आमच्या गटानं यावर काय केलं, त्यात काय चुकलं आणि काय जमलं, ते सांगतो.

सुरुवात एका वाईट दिवसापासून झाली. आमच्या गटातली एक मैत्रीण गुत्त्यावर काढणीला गेली होती. तिसरीतली मुलगी शाळा बुडवून धाकट्या भावाला सांभाळत होती. शेळी सुटली म्हणून पोरगी तिच्यामागं पळाली. इकडं लेकरू न्हाणीपाशी गेलं आणि अर्ध्या बादलीत डोक्यावर पडलं. शेजारच्या आजी राख टाकायला बाहेर आल्या होत्या, त्यांनी पाय धरून वर ओढलं. लेकरू वाचलं. पण संध्याकाळी आईनं मुलीला मारलं, बापानं आईला बोल लावले, आणि ती पोरगी पुढं कितीतरी दिवस भावाला कडेवर घेईना. हात लावला तर त्याला काही होईल, असं तिच्या मनात बसलं होतं.

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा सगळ्या म्हणाल्या, चूक कुणाची? आम्हाला तरी वाटतं, आठ-नऊ वर्षांच्या पोरीची यात काडीची चूक नव्हती. ती स्वतःच लेकरू आहे. आणि बादलीत पडलेलं लहान लेकरू ओरडत नाही, हे आपल्यातल्या पुष्कळ जणींना माहीत नसतं. या वयात डोकं अंगाच्या मानानं जड असतं. वाकलं की तोल जातो, आणि मग हाताच्या जोरानं वर येता येत नाही. तोंड-नाक बुडेल एवढं वीतभर पाणीही जीव घेऊ शकतं, आणि ते सगळं काही मिनिटांत, मुकाट्यानं होतं. म्हणून टिपाडावर झाकण, बादली रिकामी करून पालथी, हौदाभोवती आडोसा, एवढं तरी आजच घरी गेल्यावर बघा.

आता तुम्ही म्हणाल, अंगणवाडी आहे की. आहे, आणि तिचा उपयोग मोठा आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यातून अंगणवाड्या आल्या. पण तिथली बालवाडी ३ ते ६ वर्षांच्या लेकरांसाठी असते. त्याहून लहानांना घरी न्यायचा आहार, लस, वजन एवढं मिळतं, दिवसभर सांभाळ मिळत नाही. मोठी लेकरंसुद्धा दुपारी घरी येतात, आणि आपण येतो दिवस मावळल्यावर. मधले पाच-सहा तास उघडेच राहतात.

'अंगणवाडी' हा शब्द आपल्याच मराठीतला आहे, आणि तो कुठून आला ते सांगण्यासारखं आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी पाड्यावरची लेकरं बालवाडीत येईनात, तेव्हा बाईच पाड्यावर गेल्या आणि एखाद्याच्या अंगणात लेकरं गोळा करून बसल्या. म्हणून अंगणवाडी. पुढं त्यांचं काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथंही हेच दिसलं की मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर धाकटं भावंड असतं. तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी भरवली. मुलीनं भावाला घेऊनच यावं, त्याला पाळणाघरात सोडावं आणि आपण वर्गात बसावं. विकासवाडी म्हणत त्याला. इतक्या वर्षांपूर्वी ज्या अडचणीवर त्यांनी उपाय काढला, ती अडचण आपल्या गल्लीत अजून तशीच उभी आहे. आम्हाला तर हे वाचून लाजच वाटली.

मग आम्ही ठरवलं की आपणही एक अंगण धरू. गटातल्या आठ जणींना पाच वर्षांच्या आतली लेकरं होती. सहा जणींनी कामावर जायचं, दोघींनी लेकरांपाशी थांबायचं आणि पाळी रोज बदलायची. एकटी बाई नको, हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं. एक स्वयंपाकाला किंवा एखाद्या लेकराला धुवायला गेली तरी दुसरीची नजर पाहिजे.

भांडण झालं ते पैशावरून. थांबणारीचा रोज बुडतो, तो कोण देणार? एक जण म्हणाली, "लेकरं सांभाळायचे का पैसे असतेत होय?" आमचं उत्तर असं होतं. समजा, सहा जणी गुत्त्यावर गेल्या आणि दिवसाचे २४०० रुपये मिळाले. सहांनी वाटून घेतले तर ४०० येतात. आठांनी वाटून घेतले तर ३००. प्रत्येकीचे १०० रुपये कमी झाले, हे खरं. पण उद्या तीच घरी थांबणार, तेव्हा तिलाही ३०० मिळणार. आणि शिवारात असताना जीव घराकडं ओढ घेत नाही, दुपारी दूध पाजायला पळत यावं लागत नाही, मोठ्या मुलीची शाळा बुडत नाही. हे १०० रुपयांत महाग आहे का, ज्यानं त्यानं ठरवावं. दोघींना ते पटलं नाही, त्या पहिल्या वर्षी आल्या नाहीत. त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आल्या.

लेकरं सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, हे आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यातच तशी सोय केलेली होती. कामावर आलेल्या बायांसोबत ६ वर्षांच्या आतली ५ किंवा जास्त लेकरं असतील, तर त्यांच्यातल्याच एका बाईला लेकरं सांभाळायला नेमायचं आणि तिला इतर मजुरांएवढीच मजुरी द्यायची. कायद्यानं जे काम मानलं, ते आपण आपसांत का मानू नये? याशिवाय मिशन शक्तीखाली केंद्र सरकारची 'पाळणा' नावाची योजना आहे, ६ महिने ते ६ वर्षांच्या लेकरांसाठी. आपल्या भागात त्यातलं काही आहे का, याची चौकशी तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात गटाच्या लेटरहेडवर करा. तोंडी विचारलं तर तोंडीच उत्तर मिळतं.

दुसरी अडचण जागेची, आणि ती पैशापेक्षा अवघड होती. कुणाच्या अंगणात बसायचं? हिच्या घरी तिची सासू लेकरू पाठवू देईना, तिच्या गल्लीत हिचा नवरा. का, ते तुम्हाला सांगायला नको. आमच्याही गटात ते आहे. आठ दिवस त्यात गेले. शेवटी मंदिराच्या सभामंडपावर सगळ्यांचं जमलं. सावली होती, फरशी होती, विहीर लांब होती. लेकरांना तर जातपात काही कळत नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी एकमेकांच्या डब्यातली भाकर खाल्ली आणि आपली दुसऱ्याच्या डब्यात ठेवून दिली.

पहिला दिवस म्हणजे नुसता कल्ला. एकानं सुरू केलं की सगळी रडायची. दोघी पाळीवाल्या रडकुंडीला आल्या. दीड-दोन वर्षांचं लेकरू आईपासून तुटलं की रडतं, हे बरोबरच आहे. आपली माय कोण, हे त्याला पक्कं कळलंय, त्याची ही खूण. आपण काय करतो, त्याला नादी लावून मागच्या दारानं सटकतो. ते चुकतं. एकदा फसलं की दुसऱ्या दिवसापासून ते पदर सोडत नाही, कारण माय कधी गायब होईल याचा भरवसा उरत नाही. त्यापेक्षा सांगावं, "मी रानात चाललेव, दिवस मावळला की येतेव," आणि निघावं. रडेल थोडा वेळ. सोबत आईच्या जुन्या साडीचा तुकडा ठेवला तर तो वास त्याला पुरतो. आमच्याकडं चौथ्या-पाचव्या दिवशी रडणं थांबलं. एक लेकरू मात्र सगळा हंगाम रडलं. तेही असतं.

मग आली चावण्याची गोष्ट. एका दोन वर्षांच्या पोरानं दुसरीच्या पोरीचा दंड असा चावला की दात उमटले. लेकरं घटकाभरात परत खेळायला लागली, पण त्यांच्या आया चार दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. बायांनो, या वयात ओढणं, ढकलणं, चावणं हे होतंच. राग आला आहे पण शब्द नाहीत, मग दात पुढं येतात. "हे वळणच नाही त्या घरात," असं म्हणण्यात अर्थ नाही. लगेच बाजूला घ्यायचं, "चावायचं नाही, दुखतं" एवढंच ठाम सांगायचं, आणि ज्याला लागलं त्याला आधी जवळ घ्यायचं. परत चावून दाखवणं किंवा मारणं यातून ते एवढंच शिकतं की मोठ्यानं लहानाला दुखवलं तर चालतं.

दोन वर्षांची लेकरं एकमेकांशेजारी बसून आपापलं खेळतात. तीन-चार वर्षांची झाली की एकमेकांत मिसळून खेळतात, तेव्हा खरी दोस्ती सुरू होते. त्यांना खेळणी विकत लागत नाहीत. जोंधळ्याच्या ताटांची बैलगाडी, मातीचे बैल, जुनी चाळणी, डबे, चिंध्यांची बाहुली. आमच्या एका आजी चिमणी-कावळ्याची गोष्ट रोज सांगायच्या, आणि रोज कावळ्याचं घर वाहून गेलं की लेकरं तेवढीच खूश.

सुगीत सगळ्यात सोपं काय, तर हातात मोबाइल देणं. आम्हीही दिलाय, खोटं कशाला बोलायचं. पण २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं आहे की २ वर्षांच्या आतल्या लेकराला पडदा नकोच, आणि २ ते ४ वर्षांच्या लेकराला दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तेवढं बरं. कारण असं की लेकरू बोलायला शिकतं ते उलट-सुलट बोलण्यातून. ते 'बू' म्हणालं की आपण "होय, भू आला बघ" म्हणतो, त्यावर ते परत काही म्हणतं. मोबाइल नुसता बोलतो, लेकराचं ऐकत नाही. गटातल्या एकीचं लेकरू अडीच वर्षांचं होऊन दोन-चारच शब्द बोलायचं. सभामंडपात इतर लेकरांत बसायला लागल्यावर त्यानं पहिला नवा शब्द काय शिकला, तर "माझंय". आम्ही सगळ्या हसलो, पण त्याच्या आईच्या डोळ्यात पाणी आलं. असं लेकरू असेल तर नुसतं वाट बघू नका. आशाताईला सांगून डॉक्टरकडून कान एकदा तपासून घ्या.

खाण्याचं थोडक्यात. वर्ष-दोन वर्षांच्या लेकराचं पोट लहान असतं, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी लागतं. वरणात कुस्करलेली भाकर, कण्या, केळं, उकडलेलं अंडं ज्यांना चालतं त्यांना. ताप-जुलाब असलेलं लेकरू त्या दिवशी आणायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अख्खे शेंगदाणे, हरभरे, फुटाणे लहान लेकरांना द्यायचे नाहीत. आपल्याकडं घरोघर शेंगदाणे असतात, हे लक्षातच येत नाही. दाणा श्वासनलिकेत अडकला तर जिवावर बेततं. कूट करून द्या.

तसंच फवारणीचं औषध. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून कोनाड्यात ठेवायची सवय आपल्या घरातल्या माणसांना आहे. लेकराला ती सरबताची बाटली दिसते. औषध मूळ डब्यातच राहू द्या, कुलपात. चुकून पोटात गेलंच, तर मीठ-पाणी पाजून उलटी करवायच्या भानगडीत पडू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात जाताना तो डबा सोबत न्या, कशानं झालं ते डॉक्टरला त्यावरून कळतं.

गेल्या वर्षी आमच्या पाळीला एक आजोबाही येऊन बसायला लागले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. नातू तिथं होता म्हणून आले आणि मग सगळ्याच लेकरांना ताटांच्या गाड्या करून द्यायला लागले. बापांचं मात्र अजून जमलेलं नाही. पाळीच्या वहीत एकाही बापाचं नाव नाही. येळवशीला रानात सगळ्या मैत्रिणी, घरची माणसं, लेकरं जमतात, भज्जी-आंबील होते, तेव्हा हेच बाप दुसऱ्यांच्या लेकरांनाही खांद्यावर घेऊन शिवारभर फिरवतात. मग सुगीत एक दिवस का नाही, हा विषय या महिन्याच्या बैठकीत ठेवला आहे.

ज्या पोरीची गोष्ट सुरुवातीला सांगितली, ती आता पाचवीत आहे. शाळा सुटली की दप्तरासकट सभामंडपात येते. भाऊ लांबूनच "ताई" म्हणून ओरडतो. ती त्याला उचलते, आधी बाजूच्या बादलीत डोकावून बघते, पाणी असलं तर ओतून देते, आणि मग घरी नेते.