जाळ्यालाही वाटा असतो

शाळेच्या पत्रात वेळ नेहमी नेटकी असते. शुक्रवार, सकाळी दहा ते बारा, ‘रापण प्रात्यक्षिक’, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणं. २०२०च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले गेले, तेव्हापासून अशी पत्रं जास्त येतात. मालवणच्या किनाऱ्यावर मुलांना नेण्याचं काम करणाऱ्या आम्हा मंडळींची पहिली झटापट या ‘दहा ते बारा’शीच होते.

समुद्राचं निम्मं वेळापत्रक आम्ही देऊ शकतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. बंदरागणिक थोडं मागेपुढे होतं, पण पाऊणकी तोंडपाठ असलेल्या जुन्या माणसांना एवढं गणित पुरायचं. आम्ही अष्टमीच्या आसपासचा दिवस सुचवतो. तेव्हा भांग असते, पाण्याला जोर कमी असतो आणि दुपारपर्यंत वाळू मोकळी होत जाते. मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडतो.

उरलेलं निम्मं वेळापत्रक माशांच्या हातात. पाण्याचा बदललेला रंग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी बघून तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, ठरवणार. मग होडी दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून, अर्धवर्तुळात जाळं सोडत जाणार आणि दुसरं टोक पुढे कुठेतरी किनाऱ्याला लावणार. मग दोन्हीकडून ओढायचं. मासा दिसला नाही तर यातलं काहीच होत नाही. मुलांचे पोहे खाऊन झालेले, बाई घड्याळ बघतायत आणि तांडेल शांतपणे समुद्राकडे बघत बसलेत, असे दिवसही आम्ही काढलेत. शाळेला आधीच सांगून ठेवतो, पण पत्र वाचून कोणाला ते पटत नाही.

सुरुवातीला आम्ही हौसेने माईक न्यायचो. मागे फलक, पुढे मुलांच्या रांगा, मध्ये तांडेल. गडी होडीवर ओरडला तर लाटांवरून ऐकू जाईल असा, पण माईक हातात आल्यावर ‘ही आमची रापण’ याच्या पलीकडे शब्द फुटेना. तोच माणूस दोर ओढताना एका मुलावर असा खेकसला की सगळा वर्ग सावध झाला. मुलगा दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवून उभा होता. त्या खेकसण्यातून दोर कुठे धरायचा, ताण कुठून येतो, दोन्ही बाजू सारख्याच वेगाने का ओढायच्या, हे सगळं ओघानेच बाहेर आलं. माईक तेव्हापासून कपाटात आहे.

दुसरी एक गोष्ट आम्ही बंद केली. वर्गात एखादं मूल मच्छीमाराच्या घरचं असलं की शिक्षक त्याला कौतुकाने पुढे ढकलतात, ‘हा आपला तज्ज्ञ’. एका मुलाने त्या दिवशी तोंडच उघडलं नाही. घरी मासळीचा वास येतो म्हणून चिडवणाऱ्यांसमोरच त्याला उभं केलं होतं. आता आम्ही कोणाचं घर कुठलं हे विचारत नाही. जाळ्यात फुगलेला केंड मासा आला आणि बाकीची मुलं हात लावायला धावली, की सांगणारा आपणहून सांगतो.

आणि मग वाटे. हा भाग कुठल्याच पत्रात नसतो, पण मला विचाराल तर सगळी खटपट यासाठीच करावी. तारल्या, बांगडे, पेडवे, चार खेकडे असं वाळूवर ओतलं जातं आणि ढीग पडू लागतात. माणसांचे वाटे मुलांना कळतात. दोराला हात लावला म्हणून त्यांच्याही नावाचा छोटा ढीग पडतो आणि तो कोणी न्यायचा यावर बसमध्ये जुंपते. पण होडीचा वाटा? जाळ्याचा वाटा? एका मुलीने विचारलं, जाळं काय खातं?

तांडेल म्हणाले, “जाळा फाटता, होडी कुजता. तेंका कोण खावक घालतलो?”

घसारा म्हणजे काय, हे वाणिज्य शाखेत शिकताना मला यापेक्षा बराच जास्त वेळ लागला होता.

कुठल्याही वर्गाचा शेवटचा प्रश्न ठरलेला, मासे कमी का झाले? मग माशांचा अख्खा थवा एकाच वेळी घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांचा विषय निघतो. ५ फेब्रुवारी २०१६च्या सरकारी आदेशाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तरी वाद मिटलेला नाही. रापणकरांची बाजू एक, पर्ससीनवाल्यांची दुसरी, आणि दोघांचीही मुलं शाळेत जातात. एका शाळेने लेखी अट घातली, ‘वादग्रस्त विषय टाळावेत’. मी ती तांडेलांना वाचून दाखवली.

“मगे पोरांक दर्याकडे पाठ करून उभी करा,” ते म्हणाले.

अट मान्य नसल्याचं आम्ही कळवलं. त्या शाळेने सहल वॉटरपार्कला नेली.