कापसाच्या मुलखातला ग्राइंडर

आदिलाबाद जिल्ह्यातला जैनथ-बेल्याचा पट्टा काळ्या मातीचा, कापसाचा, आणि बराचसा मराठी बोलणारा. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. या मुलखात गावोगावचे लोहाराचे भाते विझत गेले तशी वेल्डिंगची दुकानं वाढली. वेल्डिंग मशीन असेल तिथे हँड ग्राइंडर असणारच. वखराची बोथट पास, नांगराचा फाळ, ट्रॉलीच्या फाळक्याची खडबडीत कड, खिडकीच्या ग्रिलवरच्या वेल्डिंगच्या गाठी, सगळं याच दोन किलोच्या यंत्राखालून जातं. दुकानातल्या सगळ्या यंत्रांत स्वस्त तेच, आणि बोटं-डोळे घेणारंही तेच. तरी त्याच्याकडे यंत्र म्हणून कुणी नीट पाहत नाही. हातोडीसारखं ते उचललं जातं आणि हातोडीसारखंच टाकलं जातं.

त्याचा जन्म जर्मनीतला. हर्मान आकरमान आणि हर्मान श्मिट या दोघांनी 1922 मध्ये सुरू केलेल्या कारखान्यानं 1935 मध्ये संथ गतीचा आणि 1954 मध्ये वेगवान अँगल ग्राइंडर बाजारात आणला. घासायच्या चाकांचं भारतीय उत्पादन 1954 च्या आधीच सुरू झालं होतं. उरणजवळच्या मोरा इथे 1941 मध्ये ग्राइंडवेलचा कारखाना उभा राहिला. आज चार इंची मशीन आणि त्याच्या चकत्या तालुक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

यंत्राची रचना साधी. मोटरीचा दांडा आडवा, त्याच्या टोकाला तिरप्या दात्यांचे दोन गिअर, आणि ते फिरण्याची दिशा काटकोनात वळवतात. चकती म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण राळेत बांधलेले आणि काचतंतूंच्या जाळीनं आवळलेले. चार इंची मशीन मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतं. 100 मिलिमीटर व्यासाच्या चकतीची कड त्या वेळी सेकंदाला 57 मीटर, म्हणजे ताशी 200 किलोमीटरच्या वर धावत असते. नागपूर-हैदराबाद महामार्गावरची कुठलाही ट्रक एवढा पळत नाही, आणि हा वेग तर माणसाच्या छातीपासून हातभर अंतरावर असतो.

म्हणून चकतीवर छापलेला आकडा आधी वाचायचा. चांगल्या चकतीला सेकंदाला 80 मीटरची मर्यादा असते. चार इंचीवर ती सुमारे 15,200 फेऱ्यांची होते, सात इंचीवर फक्त 8,500 फेऱ्यांची. आता गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, काढून सात इंची चकती छोट्या मशीनवर चढवली तर काय होतं ते पाहा. फेरे तेच 11,000, पण कड सेकंदाला 103 मीटरवर पोचते. चकतीला फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे तो मर्यादेच्या जवळजवळ पावणेदोन पट होतो. मोठी चकती खोल कापते, झिजून लहान झालेली फेकावी लागत नाही, असा हिशेब त्यामागे असतो. ती फुटली की तिचे तुकडे ज्या दिशेला जातात तिथे गार्ड नसतो, कारण तो काढल्याशिवाय ती बसलीच नसती. लाकूड कापायचं दातेरी पातं या मशीनवर लावणं त्याहून वाईट. दाता गाठीत अडकला की मशीन हातातून उसळतं आणि मांडीवर किंवा मानेवर येतं. गार्ड हा मशीनचा अवयव आहे. तो काढलेलं मशीन अपुरं समजावं आणि वापरू नये, इतकं माझं मत पक्कं आहे.

कायद्याला हे फार आधी कळलं होतं. 1948 च्या कारखाने कायद्याच्या तिसाव्या कलमात प्रत्येक घासणीच्या यंत्राजवळ चाकाच्या सुरक्षित वेगाची पाटी लावायला सांगितलं होतं, आणि पस्तिसाव्या कलमात डोळ्यांच्या संरक्षणाची सोय. पण विजेवर चालणारा कारखाना त्या कायद्यात यायला किमान दहा कामगार लागत. मिस्त्री आणि हाताखालचा पोरगा, एवढ्या दोघांच्या दुकानात ती पाटी कधी पोचलीच नाही. तिथे कायद्याचं काम मिस्त्रीलाच करावं लागतं, आणि पोरगा मिस्त्रीकडे बघूनच शिकतो.

चकती बदलताना आधी प्लग काढायचा. बटण बंद करणं पुरेसं नाही. चकतीला चीर किंवा टवका असेल, ती पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकून पडलेली असेल, तर टाकून द्यायची. राळ ओल खाते आणि कमजोर होते. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचं महिना-वर्ष छापलेलं असेल तर तेही पाहावं. नवी चकती बसवल्यावर मशीन अंगापासून दूर धरून मिनिटभर रिकामं फिरवावं. फुटायची असेल तर बहुधा तेव्हाच फुटते. स्पिंडल अडवायचं बटण चकती पूर्ण थांबल्याशिवाय दाबू नये.

घासायची चकती जाड, सहाएक मिलिमीटरची. ती कामाशी 15 ते 30 अंशांच्या तिरपीनं धरतात. कापायची चकती पातळ, ती सरळ काटकोनात उतरते आणि तशीच वर येते. कापून झालं की त्याच पातळ चकतीच्या बाजूनं कड घासून घेण्याची सवय फार पसरली आहे. बाजूचा दाब सोसायला ती बनवलेलीच नाही. गंज किंवा जुना रंग काढायचा असेल तर फ्लॅप डिस्क, म्हणजे सँडिंग कागदाच्या पट्ट्या एकावर एक बसवलेली चकती, घ्यावी. रबरी पॅडवरचा सँडिंग कागद स्वस्त पडतो, पण त्या पॅडमुळे गार्ड बऱ्याचदा बसत नाही. फ्लॅप डिस्क गार्डसकट चालते. आधी 40 नंबर, मग 80, शेवटी 120. जोर लावायचा नाही, वजन मशीनचंच पुरतं. दाबलं की पत्रा निळा पडतो आणि पुढे तिथूनच गंजतो. दोन्ही हात मशीनवर, बाजूचं हँडल लावलेलं, आणि आपण चकतीच्या रेषेत उभे नाही, एवढं प्रत्येक वेळी पाहायचं. गळ्यातली दस्ती काढून ठेवायची. विणलेले सुती हातमोजेही नकोत, त्यांचा एक धागा चकतीत गेला तर मागून हात जातो.

लाकडाला मात्र हे मशीन शक्यतो लावू नये. पूर्वी याच जिल्ह्यात असलेल्या निर्मलची खेळणी पोनिकीच्या हलक्या, मऊ लाकडाची असतात. तिथले कारागीर कानस आणि कागद हातानं चालवतात. ग्राइंडरच्या वेगानं त्या लाकडाला क्षणात खड्डा पडेल आणि ते जळेल.

खेड्यात आणखी एक धोका आहे. काम चालू असताना लाइट जाते. मिस्त्री मशीन बाकावर ठेवून चहाला जातो, सरकतं बटण पुढेच राहतं. लाइट येते तेव्हा बाकावर ठेवलेलं मशीन आपणहून सुरू होतं आणि उड्या मारत खाली येतं. लाइट गेली की पहिलं काम बटण मागे ओढणं. मशीनवर एकात एक दोन चौकोनांची खूण असेल तर त्या मशीनला अर्थिंगची वायर नसते, त्याचं सगळं संरक्षण आवरणात असतं. म्हणून टेप गुंडाळलेली केबल वापरू नये, आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरची गळती ओळखणारा ब्रेकर बसवून घ्यावा.

आदिलाबादला सगळ्यात जास्त जपायचं ते ठिणगीपासून. ठिणगी म्हणजे लोखंडाचा जळता कण. हवेतला प्राणवायू घेत तो उडता उडता आणखी तापतो, हजार अंशांच्या पुढे जातो. कापूस चारशे अंशांच्या आसपास पेटतो. दसरा-दिवाळीपासून बाजार समितीत आणि जिनिंगमध्ये कापसाचे ढीग लागतात, आणि नेमकं त्याच हंगामात कन्व्हेयरचा ब्रॅकेट तुटतो, पाइप गळतो, वेल्डरला बोलावणं जातं. कापसात पडलेली ठिणगी लगेच भडकेलच असं नाही. ती आत शिरते आणि धुमसते. दाबलेल्या गाठीत तंतूंच्या मधली हवा तिला पुरते, आणि आग कित्येक दिवसांनी, कधी गाठ गोदामात गेल्यावर, वर येते. वरून पाणी मारलं तरी आत पोचत नाही, कारण कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो आणि तो पाणी झटकतो. प्रचलित दंडक असा की कामाभोवती 35 फूट जागा जळाऊ वस्तूंपासून मोकळी हवी आणि काम संपल्यावर तासभर एका माणसानं तिथेच पहारा द्यावा. जिनिंगमध्ये उडालेला बारीक रुवा तुळयांवर, मोटरींवर, भिंतीच्या कडांवर बसतो. फक्त जमीन झाडून भागत नाही. माझ्या मते तुटलेला भाग उघडून अंगणात आणूनच घासावा, आणि मालकानं त्यासाठी लागणारा अर्धा दिवस द्यावा. हंगामाआधी भाद्रपदातच दुरुस्त्या उरकणं त्याहून शहाणपणाचं.

राहता राहिला डोळा. साधा चष्मा बाजूनं उघडा असतो. पॉलिकार्बोनेटचा, कडा झाकणारा गॉगल हवा, आणि चकतीचं काम असेल तर त्यावर तोंड झाकणारी काच. बघायला उभ्या असलेल्या पोरालाही गॉगल हवा, कण त्याच्याकडेही जातो. कण गेलाच तर काडी, रुमालाचं टोक किंवा शेजाऱ्याची जीभ हे उपाय करू नयेत. चोळूही नये. बुबुळावर रुतलेल्या लोखंडाभोवती काही तासांतच गंजाचं कडं धरतं, आणि नुसता कण काढून ते जात नाही. ते डॉक्टरला सूक्ष्मदर्शकाखाली खरवडावं लागतं. या भागात त्यासाठी हैदराबाद गाठण्याची गरज नाही. एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनं 1996 मध्ये मुधोळला भोसले गोपाळराव पटेल नेत्रकेंद्र सुरू केलं. मुधोळ तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं, 2016 पासून निर्मल जिल्ह्यात आहे. वेगानं आलेला कण कधी बुबुळ भेदून आत जातो आणि बाहेरून फारसं दिसत नाही, दुखतही कमी. घासताना डोळ्याला काही लागल्यासारखं झालं आणि नजर धूसर झाली तर त्याच दिवशी दाखवावं. आणि पुढे कधीही एमआरआय काढायची वेळ आली तर टेबलावर झोपण्याआधी तिथल्या माणसाला सांगावं की आपण ग्राइंडरवर काम केलेलं आहे. आत राहिलेला लोखंडाचा कण त्या चुंबकानं हलतो, आणि आधी एक्स-रे काढून तो दिसू शकतो.