रुपयाएवढ्या भोकातून

गेल्या दिवाळीची गोष्ट. माझा भाचा मुंबईहून आला तो भाऊबीजेच्या आदल्या रात्री, आणि तिसऱ्या दिवशीचे परतीचे तिकीट खिशात घेऊनच. पिशवीत दोन शर्ट आणि टॉवेलात गुंडाळलेला अॅल्युमिनियमचा एक वेडावाकडा तुकडा. ताईने, म्हणजे त्याच्या आईने, तो हातात घेऊन पाहिला.

"अरे बाप्पा! एवढ्या लांबून हे लोखंड वाहून आणलंस, अन् फराळाला राहायला वेळ नाही?"

"लोखंड नाही ग आई, पुढच्या चाकाचा आधार आहे."

आम्ही सिंदी मेघेला राहतो. ताई दोन गल्ल्या पलीकडे. (वर्ध्याला चिकटलेली सिंदी ती आमची. सिंदी रेल्वे वेगळी. आमची पत्रे अधूनमधून तिकडे हिंडून येतात.) या वस्तीतला एक मुलगा कॉलेजात बसून शर्यतीची मोटार बांधतो, हे ताईने शेजारपाजारी अभिमानाने सांगितले होते. पण त्यापायी त्याचा एक विषय राहिला, हे कळल्यावर तिने सांगणे बंद केले. मला तिने बाजूला घेऊन म्हटले, "तू मास्तर आहेस. त्याला विचार, हे खूळ कशासाठी?"

मी मराठी शिकवणारा माणूस. मला सायकलची चेन चढवता येत नाही. तरी विचारले.

हे खूळ अमेरिकेतले. १९८१ साली टेक्सास विद्यापीठात 'फॉर्म्युला एसएई' नावाने ही स्पर्धा सुरू झाली. विद्यार्थ्यांनीच आखायची, विद्यार्थ्यांनीच बांधायची, एका माणसाची, उघड्या चाकांची छोटी मोटार. आपल्याकडे मुंबईच्या सोमय्या कॉलेजचा 'ओरायन रेसिंग इंडिया' हा संघ या वाटेवरच्या जुन्यांपैकी. आयआयटी मुंबईच्या मुलांनी तर विजेवरची गाडी बांधून इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला नेली. देशातली 'फॉर्म्युला भारत' ही स्पर्धा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होते. ज्यांचे नाव त्या ट्रॅकला आहे ते एस. करिवर्धन स्वतः शर्यतीच्या मोटारी बांधणारे. भाच्याच्या कॉलेजाचे नाव मात्र सांगत नाही, मुले रागावतील.

"सगळ्यात जोरात पळेल ती जिंकली, असंच ना?" मी म्हटले.

तो हसला. सुमारे एक तृतीयांश गुण गाडी जागची न हलवताच मिळतात म्हणे! आखणी समजावून द्यायची, एकेका नटबोल्टाच्या खर्चाचा हिशेब द्यायचा, ही गाडी विकायची झाली तर कशी विकाल तेही सांगायचे. इंजिन ७१० सीसीपर्यंतचे चालते. यांचे मोटारसायकलचे, आपल्या चाकणला बनणारे. पण ते जी हवा ओढते ती सगळी २० मिलिमीटरच्या एका भोकातून आली पाहिजे. २० मिलिमीटर म्हणजे आपल्या नव्या रुपयाच्या नाण्याएवढे. नाकाला चिमटा लावून धावायला सांगावे तसा हा प्रकार. शिवाय चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे, ब्रेक दाबताच चारही चाके एकदम जाम झाली पाहिजेत. शेवटी सुमारे २२ किलोमीटरची मोठी दौड. ती निम्मी झाली की इंजिन बंद करायचे, दुसरा मुलगा बसवायचा आणि तापलेले इंजिन पुन्हा सुरू करायचे. गेल्या खेपेला यांचे ते सुरूच झाले नव्हते.

रात्री त्याने परीक्षकांपुढचे भाषण मला म्हणून दाखवले. मी म्हटले, मराठीत सांग, म्हणजे मला कळेल. टॉवेलातला तुकडा पुढे ठेवून तो छान सांगू लागला. मी एका जागी बोट ठेवले. "ही भिंत एवढीच जाड का?"

तो थांबला. मग म्हणाला, "मागच्या वर्षीच्या मुलांनी एवढीच ठेवली होती."

"त्यांनी का ठेवली?"

उत्तर नव्हते. मी काही फार मोठे विचारले, असे नाही. कवितेच्या तासाला पोरांना मी हेच विचारतो आणि असेच उत्तर मिळते.

दुसऱ्या दिवशी त्याला मगन संग्रहालयापाशी नेऊन आणले. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेले हे संग्रहालय. लहानपणी तो तिथे कंटाळत असे. तिथे त्याला एक जुनी स्पर्धा सांगितली. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे इनाम लावले होते. किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, खेड्यातल्या बाईला आठ तास न थकता चालवता आला पाहिजे, आणि घडवायचा हिंदुस्थानातच. पुष्कळांनी खटपट केली. इनाम कुणालाच मिळाले नाही.

"म्हणजे खर्चाचा अहवाल तेव्हाही होता!" एवढेच तो बोलला. संध्याकाळी मात्र वही उघडून बसला. ताईने चकल्यांचे ताट पुढे ठेवले. निम्मे तसेच राहिले.

जानेवारीत कोइमतूरहून फोन आला. आवाज बसलेला. ब्रेकची परीक्षा तिसऱ्या खेपेला पार पडली. भिंत किती जाड, ते परीक्षकांनी विचारलेच नाही! मोठ्या दौडीत चालक बदलला, आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले.

"मग?"

"तीन फेऱ्या राहिल्या होत्या मामा. चेन तुटली."

दौड पुरी झाली नाही म्हणजे त्यातले जवळजवळ सगळे गुण गेले. मी काय बोलणार? ताईने फोन ओढून घेऊन विचारले, जेवलास का? तो नाही म्हणाला असावा; ती बराच वेळ बोलत राहिली. राहिलेला विषय त्याने उन्हाळ्यात सोडवला, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर ताई हा लेख वाचणार नाही.

या श्रावणात तो आला तेव्हा एक जाड वही घेऊन आला. पुढच्या वर्षी गाडी बांधणाऱ्या मुलांसाठी लिहिलेली. एकेक भाग, आणि तो तसा का. मला म्हणाला, "मामा, भाषा तपासून द्या." वही मराठीत होती, याचे मला नवल वाटले. त्याच्या संघात निम्मी मुले सांगली-साताऱ्याकडची आहेत, असे त्याने सांगितले.

रात्री लाल शाई घेऊन बसलो. पुष्कळ पानांवर आकडे होते. ते मी सोडून दिले. चेनच्या पानावर दोनच ओळी होत्या. 'मागच्या मुलांनी हीच लावली होती म्हणून लावली. ही आमची चुक.' 'चूक' त्याने ऱ्हस्व लिहिली होती. तेवढी मी दीर्घ केली.