‘हे खरे आहे काय?’ : आमदारांचे लेखी प्रश्न आणि खात्यांची उत्तरे

राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते, असे राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४ मध्ये म्हटले आहे. परंतु ही जबाबदारी रोजच्या कारभारात कशी वसूल करावयाची, हे घटनेत सविस्तर सांगितलेले नाही, तर अनुच्छेद २०८ नुसार विधिमंडळाने स्वतःसाठी केलेल्या कार्यपद्धतीच्या नियमांवर ते सोपविलेले आहे. अविश्वासाचा ठराव हे या जबाबदारीचे सर्वांत धारदार शस्त्र खरे, पण ते क्वचित उपसले जाते आणि त्यातून सरकार टिकले की पडले एवढेच कळते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात उन्हाळ्यात टँकरच्या किती खेपा झाल्या, त्यांची देयके कोणत्या नोंदींवर मंजूर झाली, किंवा अकोले तालुक्यातील एखाद्या आश्रमशाळेच्या इमारतीचे काम कार्यारंभ आदेश निघूनही का सुरू झाले नाही, असल्या गोष्टी मोठ्या ठरावांनी उघड होत नाहीत. त्या उघड करण्यासाठी सदस्याच्या हाती प्रश्न असतो, आणि त्यातही ज्याचे उत्तर खात्याला कागदावर द्यावे लागते असा प्रश्न असतो.

महाराष्ट्र विधिमंडळात प्रश्नांचे तीन प्रकार प्रचलित आहेत. ज्या प्रश्नाचे उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यावे अशी सदस्याची अपेक्षा असते, त्याच्यावर ताऱ्याची खूण केली जाते. तो तारांकित प्रश्न होय, आणि त्याच्या उत्तरावर जागच्या जागी उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखीच मिळते आणि त्यावर उपप्रश्न नसतात. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीवर, मंत्र्याची तयारी असल्यास, कमी मुदतीत घेतला जाणारा तो अल्पसूचना प्रश्न. वर्तमानपत्रांत गाजतात ते तारांकित प्रश्न. तथापि प्रश्नोत्तराचा तास हा नावाप्रमाणे तासाभराचाच असल्याने यादीतील थोड्याच प्रश्नांवर बोलणे होते आणि उरलेल्यांची उत्तरे छापील स्वरूपातच सभागृहासमोर येतात. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेण्याची प्रथा आहे, यावरून लेखी उत्तरांचा वाटा किती मोठा असतो याची कल्पना येते.

हा अधिकार भारतीयांना टप्प्याटप्प्याने मिळाला. ब्रिटिश संसदेत मंत्र्याला विचारलेल्या प्रश्नाची पहिली नोंद १७२१ मधील, उमरावांच्या सभागृहातील आहे. हिंदुस्थानात १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळाच्या सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली, पण प्रश्नाची सूचना आधी द्यावी लागे, उपप्रश्नास वाव नव्हता आणि मिळालेल्या उत्तरावर चर्चा करता येत नसे. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची संधी दिली. मुंबई कायदेमंडळात लोकमान्य टिळक १८९५ मध्ये निवडून गेले ते मध्य विभागातील स्थानिक मंडळांच्या वतीने, आणि अहमदनगर हा त्या विभागातील एक जिल्हा होता. त्यामुळे या जिल्ह्याचा आणि सभागृहात सरकारला जाब विचारण्याच्या परंपरेचा संबंध सव्वाशेहून अधिक वर्षांचा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे नगरचे वकील कुंदनमल फिरोदिया हे १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. कोणता प्रश्न स्वीकारावयाचा आणि कोणता नाकारावयाचा याचा निर्णय अध्यक्षांकडे असतो, म्हणून परकीय राजवटीतून स्वराज्यात येतानाच्या त्या वर्षांत नगरच्या या गृहस्थांकडे आलेले काम केवळ मानाचे नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये विधान परिषदेच्या सभापतिपदी निवडले गेलेले राम शिंदे हेही याच जिल्ह्यातील चौंडीचे. विरोधी पक्षनेतेपदही जिल्ह्याकडे आलेले आहे: १९९५ नंतरच्या युती सरकारच्या काळात अकोल्याचे मधुकर पिचड आणि २०१४ ते २०१९ या काळात शिर्डीचे राधाकृष्ण विखे पाटील विधानसभेत त्या आसनावर होते.

प्रश्नाची भाषा ठराविक साच्याची असते आणि तो साचा समजून घेतल्याशिवाय उत्तर वाचता येत नाही. आरंभी संबंधित मंत्री ‘पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ असे विचारून पहिल्या भागात ठिकाण, तालुका, जिल्हा आणि कालावधी यांसह घटना मांडली जाते आणि तिच्या शेवटी ‘हे खरे आहे काय’ हे शब्द येतात. पुढील भाग ‘असल्यास’ या शब्दाने सुरू होतात: असल्यास, या प्रकरणी चौकशी केली आहे काय, असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, आणि अखेरीस, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. ही रचना रुक्ष वाटली तरी तिच्यात मोठी युक्ती आहे. पहिला भाग वस्तुस्थिती मान्य करवून घेतो, दुसरा जबाबदार व्यक्तीपर्यंत पोहोचतो आणि शेवटचा भाग काहीच न करण्याचेही स्पष्टीकरण मागतो.

प्रश्न स्वीकृत झाला की तो विधानमंडळ सचिवालयाकडून मंत्रालयातील संबंधित विभागाकडे जातो, तेथे विषयाचे काम पाहणाऱ्या कार्यासनाकडे, म्हणजे टेबलाकडे, सोपविला जातो आणि मग त्याचा उतरणीचा प्रवास सुरू होतो. आयुक्तालयातून जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, त्यांच्याकडून तहसीलदार किंवा गटविकास अधिकारी, आणि गरज पडल्यास थेट ग्रामसेवक, तलाठी वा शाखा अभियंता यांच्यापर्यंत ‘अत्यंत तातडीचे’ असा शेरा मारलेला कागद पोहोचतो. सरकारी कचेऱ्यांत या कागदाला ‘एलएक्यू’ म्हणतात, आणि अधिवेशनाच्या दिवसांत त्याचे उत्तर पाठवल्याशिवाय घरी जाता येत नाही हे तिथला कारकूनही जाणतो. माहिती त्याच पायऱ्यांनी वर चढते, प्रत्येक पायरीवर एक सही होते आणि शेवटी मंत्र्याच्या मान्यतेने ते उत्तर सरकारचे ठरते. प्रश्नाचे खरे बळ या प्रवासात आहे. जी धारिका महिनोन्महिने कोणी उघडलेली नसते, ती उघडावी लागते, मोजमाप पुस्तिका पाहावी लागते, आणि कोणाला तरी आपल्या सहीने वस्तुस्थिती लिहून द्यावी लागते. पुष्कळदा उत्तर सभागृहात येण्यापूर्वीच रखडलेले देयक निघते किंवा चौकशीचा आदेश होतो, ते याच कारणाने.

उत्तरांचाही साचा आहे. ‘हे खरे आहे’ हे उत्तर मोलाचे, कारण ते सरकारने दिलेली कबुली असते. ‘हे खरे नाही’ असे म्हणणारे उत्तर पुष्कळदा प्रश्नातील एखाद्या तारखेच्या वा आकड्याच्या चुकीवर उभे असते, आणि मग पुढील सर्व भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढेच शब्द पुरतात. ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर सर्वांत बारकाईने वाचावे, कारण खाते जेवढे नाकारू शकत नाही तेवढे त्यात असते. ‘माहिती घेण्यात येत आहे’ हे उत्तर तर उत्तरच नव्हे. ते मुदतवाढ आहे. प्रश्न ढोबळ असेल तर उत्तरही ढोबळ येते, ही खात्यांची लबाडी म्हणावी तेवढीच प्रश्नकर्त्याची हयगयही आहे. ‘जिल्ह्यातील रस्त्यांची दुरवस्था झाली आहे, हे खरे आहे काय’ असे विचारणाऱ्यास मिळणारे उत्तर आधीच सांगता येते.

निळवंडे धरणाचे उदाहरण घेतले तर नेमका प्रश्न कसा असावा ते स्पष्ट होते. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर झालेल्या या प्रकल्पाची कल्पना १९७० मधील. डाव्या कालव्याचे लोकार्पण मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये झाले, आणि तेव्हा प्रकल्पाचा खर्च सुमारे ५,१७७ कोटी रुपये व लाभक्षेत्रातील गावे १८२ असल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. अशा प्रकल्पाबाबत ‘काम केव्हा पूर्ण होणार’ असा प्रश्न निरुपयोगी होय, कारण त्याचे उत्तर ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ असेच येणार. मूळ प्रशासकीय मान्यता कितीची होती, सुधारित प्रशासकीय मान्यता, जिला पाटबंधारे खात्यात ‘सुप्रमा’ म्हणतात, किती वेळा व कोणत्या कारणांनी दिली गेली, प्रत्येक वेळी वाढलेल्या रकमेपैकी भाववाढीचा, भूसंपादनाचा आणि संकल्पचित्रातील बदलाचा वाटा किती, कालव्याच्या कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत जमीन ताब्यात आलेली नाही, असे विचारले की खात्याला तक्ता जोडावा लागतो, आणि पुढच्या वर्षीचा तक्ता मागच्या तक्त्याशी ताडून पाहता येतो. अर्धशतक चाललेल्या कामात सरकारे आणि अभियंते बदलत राहतात, परंतु सभागृहापुढे आलेला तक्ता बदलता येत नाही.

प्रश्न कोणत्या दारात विचारावयाचा यालाही महत्त्व आहे. राज्य सरकारच्या अखत्यारीत नसलेली, न्यायप्रविष्ट किंवा तर्कवितर्क व आरोप यांवर आधारलेली बाब प्रश्नाद्वारे मांडता येत नाही. नगरजवळील के. के. रेंज हे लष्करी सराव क्षेत्र नगर, राहुरी व पारनेर या तालुक्यांतील गावांच्या चिंतेचा विषय आहे. पण लष्करी क्षेत्राचा विस्तार हा संरक्षण मंत्रालयाचा विषय असल्याने त्याचा मूळ प्रश्न अहमदनगर किंवा शिर्डीच्या खासदाराने लोकसभेत विचारावयास हवा, तर राज्याच्या महसूल यंत्रणेने जमिनीविषयी काय कळविले एवढाच भाग आमदाराच्या कक्षेत येतो. साखर कारखान्यांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. देशातील सहकारी साखर कारखानदारीचा पाया याच जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घातला. सहकारी संस्थेच्या दैनंदिन कारभाराबद्दल मंत्री उत्तर देण्यास बांधील नसतो, पण सरकारी भागभांडवल, थकहमी, लेखापरीक्षण आणि उसाची थकीत देणी यांबाबत तो बांधील असतो. मात्र जेथे प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे या दोघांचीही मुळे कारखानदारीत असतात, तेथे काही प्रश्न विचारलेच जात नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

उत्तर समाधानकारक नसेल तर पुढचे मार्ग आहेत. अर्ध्या तासाची चर्चा मागता येते, आणि उत्तर जाणूनबुजून खोटे असल्याचे आढळल्यास विशेषाधिकारभंगाची, म्हणजे हक्कभंगाची, सूचना देता येते. ‘कार्यवाही करण्यात येईल’ असे मंत्र्याने सभागृहात म्हटले की ते आश्वासन ठरते आणि त्याच्या पूर्ततेचा पाठपुरावा आश्वासन समितीकडे जातो. एका प्रश्नाची मजल कोठवर जाऊ शकते याचे देशातील प्रसिद्ध उदाहरण मुंदडा प्रकरणाचे होय. मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांतील आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीविषयी १९५७ मध्ये लोकसभेत विचारल्या गेलेल्या प्रश्नांना मिळालेल्या निसटत्या उत्तरांनी सदस्यांचा संशय वाढविला, फिरोज गांधी यांनी तो विषय सभागृहात तपशिलासह मांडला, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

या साधनाचा गैरवापरही झालेला आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये संसदेच्या ११ सदस्यांना बडतर्फ करण्यात आले, आणि त्यांत महाराष्ट्रातील खासदारही होते. एकाच प्रश्नावर अनेक आमदारांची नावे असणे, त्यांपैकी काहींनी तो प्रश्न वाचलाही नसणे, हा किरकोळ पण रोजचा दोष. शिवाय आमदार मंत्री झाला की त्याचा प्रश्न विचारण्याचा मार्ग बंद होतो, आणि नगर जिल्ह्याच्या १२ विधानसभा मतदारसंघांतून मंत्री होण्याची परंपरा मोठी आहे. अशा मतदारसंघातील नागरिकाने शेजारच्या आमदाराकडे किंवा नाशिक विभागातून विधान परिषदेवर गेलेल्या शिक्षक व पदवीधर सदस्यांकडे जावे, कारण कोणत्याही सदस्याला राज्यातील कोणत्याही गावाविषयी प्रश्न विचारता येतो. कोरोनाकाळात, सप्टेंबर २०२० च्या संसदीय अधिवेशनात, प्रश्नोत्तराचा तास वगळण्यात आला; लेखी उत्तरे मात्र चालू राहिली.

या विषयाशी जिल्ह्याचे आणखी एक नाते आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनांचा महाराष्ट्राच्या माहिती अधिकार कायद्यामागे मोठा रेटा होता, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यात कलम ८(१)(ञ) सोबत असे म्हटले होते की, जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आमदाराच्या प्रश्नाला मिळणारे उत्तर हेच नागरिकाच्या अर्जाचे माप ठरविणारी ही तरतूद होती. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने ते कलम बदलले, हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला आणि नव्या मजकुरात हे वाक्य नाही. व्यापक सार्वजनिक हितासाठी माहिती देण्याची कलम ८(२) ची तरतूद कायम असली, तरी अधिकाऱ्याने ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अर्ज फेटाळला की आता आमदाराच्या प्रश्नाचे महत्त्व वाढते. म्हणून अधिवेशनाच्या बऱ्याच आधी आपल्या आमदाराकडे जाताना नागरिकांनी कामाचे नाव, आदेशाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहिलेला कागद सोबत न्यावा, आणि उत्तर छापून आल्यावर विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या यादीत ते स्वतः वाचावे.