शुद्धलेखनात मधलेच शब्द गायब? मुलाचं ‘लक्ष नाही’ की मेंदू काही सेकंद ‘ऑफलाइन’ जातोय?

बाई शुद्धलेखन सांगतायत. मूल लिहितंय. मध्येच पेन थांबतं, नजर शून्यात जाते आणि आठ-दहा सेकंदांनी लिहिणं पुन्हा सुरू. वहीत चार शब्द नाहीतच. शेरा ठरलेला : लक्ष नाही.

दरवेळी तो शेरा बरोबर असतोच असं नाही. ‘अ‍ॅबसेन्स सीझर’ हा आकडीचाच प्रकार आहे. पण यात मूल कोसळत नाही, तोंडाला फेस येत नाही, त्यामुळे घरच्यांना संशयही येत नाही. असे झटके दिवसातून अनेकदा येऊ शकतात.

ईईजीत काय दिसतं?

डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतले मायक्रोव्होल्टमधले सिग्नल टिपले जातात. (मोबाइलच्या बॅटरीपुढे हा व्होल्टेज म्हणजे काहीच नाही!) झटक्याच्या वेळी सेकंदाला साधारण ३ या वेगाने टोकदार लहरी उमटतात. तपासणीत मुलाला जोरजोरात श्वास घ्यायला सांगतात, कारण त्याने झटका तिथेच दिसू शकतो.

काही मुलांत ही गडबड झोपेत वाढते. १९५७ मध्ये नोंदवल्या गेलेल्या लँडाउ-क्लेफ्नर या दुर्मीळ आजारात नीट बोलणाऱ्या मुलाला बोललेलं समजेनासं होतं. पालकांना वाटतं, ऐकू कमी येतंय.

मग डिस्लेक्सिया म्हणजे हेच का?

नाही, इथेच गल्लत होते. डिस्लेक्सियात वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूचे काही भाग कमी सक्रिय असल्याचं स्कॅनवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. पण त्याचं निदान ईईजीवर होत नाही, ते वाचन-लेखन आणि बुद्धिमत्तेच्या चाचण्यांवरच होतं. उलट, अगदी ठणठणीत मुलांच्या ईईजीतही कधीकधी टोकदार लहरी सापडतात. त्यामुळे नुसता रिपोर्ट बघून गोळ्या सुरू करा म्हणणाऱ्यांपासून जरा सावधच राहा.

अध्ययन अक्षमतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. आकडी असलेल्या मुलालाही ती असू शकते, म्हणून दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या कराव्या लागतात.

घरी काय बघाल?

मूल तंद्रीत असेल तर हाक मारल्यावर, खांद्याला हात लावल्यावर भानावर येतं. अ‍ॅबसेन्समध्ये येत नाही. पापण्यांची फडफड, ओठांची हालचालही दिसू शकते. असं दिसलं की मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि बालरोगतज्ज्ञांना किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. दवाखान्यात मूल नेमकं टवटवीत असतं, तेव्हा हाच व्हिडिओ कामी येतो.